रक्त कमी आहे, म्हणजे काय कमी आहे?

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोळीत काय असावे, वरून साखरेचा थर द्यावा का, रंग कोणता असावा, हे सगळे दिल्लीत ठरते. मुंबईच्या उपनगरातल्या दवाखान्यात मिळणारी गोळी आणि तोरणमाळच्या पठारावर आशाताईच्या पिशवीतून निघणारी गोळी एकच असते. ती ज्या शरीरांत जाते ती मात्र एकसारखी नसतात, आणि नंदुरबार जिल्ह्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा हे सपाटीकडचे किंवा सपाटी आणि डोंगराच्या सीमेवरचे. अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे सातपुड्याच्या घड्यांत दडलेले. उत्तरेला नर्मदा आणि सरदार सरोवराचे पाणी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात भरली, आणि त्यांतले दर दहांपैकी जवळपास सात जण आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात इथल्याच टेंभली गावात दिला गेला. बारा आकडी क्रमांक इथे सर्वांत आधी पोहोचला. हिमोग्लोबिनचा दोन आकडी क्रमांक मात्र अजूनही बऱ्याच बायकांना पहिल्या बाळंतपणातच प्रथम कळतो.

तो कळतो तेव्हा वाक्य ठरलेले असते: 'रक्त कमी आहे, गोळ्या घे.' गोळ्या घेण्यात चूक काही नाही. ही गोळी स्वस्त आहे, जुनी आहे आणि योग्य शरीरात योग्य रीतीने गेली तर खात्रीने काम करते. पण रक्त कमी असणे हा एक आजार नव्हे. लोह कमी असू शकते, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असू शकते, पोटातले जंत रक्त पीत असतील, मलेरियाने पेशी फुटत असतील, किंवा पेशीच जन्मापासून निराळ्या घडणीच्या असतील. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब यांतले काहीच सांगत नाही. तो फक्त आकडा देतो.

आकडाही पूर्वी डोळ्यांनी ठरे. साहली नावाच्या स्विस डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या पद्धतीत रक्तात पातळ आम्ल मिसळायचे, तपकिरी झालेला द्रव शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालायचे आणि नळीवरची खूण वाचायची. खिडकीतल्या उजेडावर, बघणाऱ्याच्या डोळ्यावर एक-दीड ग्रॅम इकडेतिकडे होत असे. आता उपकेंद्रावर हातात मावणारे डिजिटल यंत्र असते. तरी बोट जोरात पिळून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण थेंबावर चालते. त्याच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या. मधल्या काळात गोळ्यांचे वाटप तर वाढले होते! थेंबाच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले ते अशाच आकड्यांमुळे. आक्षेप रास्त आहेत, पण त्यांनी प्रश्न नाहीसा होत नाही. शिरेतून रक्त घेऊन मोजले तरी देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी ४१ टक्के रक्तक्षयी भरली होती.

आता लोहाचा हिशेब. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून लोह तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याइतके. त्यातले दोनतृतीयांश तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिनमध्ये. पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह शरीर जपून काढून घेते आणि नव्या पेशीत घालते. रोज असे वीस-पंचवीस मिलिग्रॅम फिरत असते. बाहेरून लागते ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम, रोजची झीज भरण्यापुरते. शरीर लोहाच्या बाबतीत इतके कंजूष आहे की जास्तीचे लोह बाहेर टाकायची वाटच त्याने ठेवलेली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सिकलसेलच्या रुग्णांच्या बाबतीत ती उलटते.

पाळी सुरू झालेल्या मुलीची झीज जास्त, आणि गरोदरपणात तर सगळा हिशेब बदलतो. बाळ आणि वार मिळून सुमारे ३०० मिलिग्रॅम, आईचे स्वतःचे रक्त वाढते त्यासाठी ५००, नेहमीची झीज २००, एकूण हजार. आता गोळीकडे बघा. ६० मिलिग्रॅमपैकी जेवणानंतर घेतलेल्या गोळीतून दहावा हिस्सा अंगी लागतो असे धरू, म्हणजे सहा मिलिग्रॅम. १८० गोळ्यांचे झाले १,०८०. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, ही सरकारी मात्रा अशी गरजेच्या जवळ बेतलेली आहे. तीस गोळ्या खाऊन चक्कर थांबली म्हणून सोडून देणारीला १८० मिलिग्रॅम मिळतात. तेवढ्यात बाळाचाही वाटा भागत नाही.

लोह देऊन पांढरेफटक पडलेले माणूस बरे करण्याची कल्पना जुनी आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोहाची, मंडुराची औषधे सांगितली आहेत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात सिडनहॅम लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देई. १८३२ मध्ये ब्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने फेरस सल्फेटची गोळी केली, आणि आजची गोळी मूळ रसायनात तिच्यापासून फारशी दूर गेलेली नाही.

गोळीतला दुसरा घटक मात्र खास मुंबईच्या गोष्टीतून आला, आणि ती गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. काम होते गिरणीकामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचे. बायका सातव्या-आठव्या महिन्यात सुजायच्या, धापा टाकायच्या, आणि बाळंतपणात दगावायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. म्हणजे हे काही निराळेच होते. विल्सने रोगजंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग तिने चुलीकडे पाहिले. सर्वांत वाईट अवस्था ज्यांच्या ताटात भाज्या, फळे, मांस-अंडी जवळजवळ नसत अशा गरीब बायकांची होती. तसाच आहार तिने आधी उंदरांना आणि पुढे माकडांना दिला. माकडांतही तोच रक्तक्षय उभा राहिला. नाना उपाय थकल्यावर एका माकडाला मार्माइट देऊन पाहिले. मार्माइट म्हणजे बिअर गाळताना उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क, इंग्रजांच्या पावावर लावायचा. माकड सुधारले. मग तो बायकांना दिला आणि त्याही सुधारल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले.

खरी मख्खी पुढे आहे. त्या काळी मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क रामबाण मानत. या बायकांना त्याने गुण येईना. कच्च्या अर्काने आणि यीस्टने मात्र येई. विल्सने त्यावरून बांधलेला तर्क अचूक होता: यीस्टमध्ये आणखी एखादा, वेगळा पदार्थ आहे. शुद्ध अर्कातला पदार्थ पुढे बी-१२ ठरला, आणि विल्सचा पदार्थ फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला. १९४५ मध्ये ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. लाल गोळी म्हणजे ब्लोचे लोह आणि परळच्या बायकांकडून कळलेले फॉलिक ॲसिड. विल्सच्या कामातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र शोधाचा नाही. एकाच फिकट चेहऱ्यामागे दोन वेगळे रोग असू शकतात हे तिने औषध लागू न पडण्यावरून ओळखले. रुग्ण औषध घेत नाही, असे म्हणून ती थांबली नाही.

१९७० मध्ये भारताने ही गोळी देशभर वाटायला घेतली. मात्रा बदलल्या, योजनेची नावे बदलली. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाखाली वयागणिक वाटप चालते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर औषध, त्यात २० मिलिग्रॅम लोह. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना निळी. आश्रमशाळेतल्या मुलींना विचारा, सोमवारची निळी गोळी त्यांना चांगली ठाऊक असते. वर्षातून दोनदा जंताची अल्बेंडॅझोल. हिला दुय्यम समजू नये. अनवाणी पायातून शिरणारा हुकवर्म आतड्याला चिकटून रोज रक्त पितो, आणि अशा पोरांना लोह देत राहणे म्हणजे जंतांनाच खाऊ घालणे.

पाड्यावर गोळी पोहोचते. रजिस्टरमध्ये नोंद होते. पण नोंद वाटपाची असते, गिळण्याची नसते, आणि गोळी पत्र्याच्या पेटीत, भिंतीच्या कोनाड्यात पडून राहते. कारणे काही गूढ नाहीत. मळमळते, पोट जड होते, शौचाला काळी होते. काळी का होते हे कोणी सांगितले नसेल तर बाई घाबरणारच. न शोषलेले लोह बाहेर पडते म्हणून, बाकी काही नाही. देशात अनेक भागांत अशी धास्ती आढळते की गोळ्यांनी बाळ फार मोठे होईल आणि बाळंतपण अडेल. ज्या घरापासून पक्का रस्ता दोन तासांच्या पायवाटेवर आहे, जिथून नर्मदेकाठच्या बाईला होडीतून दवाखान्यात न्यावे लागते, तिथे मोठ्या बाळाची भीती वेडगळ म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. तिला उत्तर हवे. उत्तर असे की या गोळीने बाळ अवाढव्य होत नाही. रक्त कमी असलेल्या आईचे बाळ कमी वजनाचे निपजण्याचा, आणि बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावानेही तिचा जीव जाण्याचा धोका तेवढा उतरतो.

गोळी घ्यायची कशी हेही क्वचितच धड सांगितले जाते. गरोदर बाईला लोहासोबत कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात, बहुतेकदा एकाच पिशवीत, आणि ती दोन्ही एकदम घेते. कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. दोहोंत निदान दोन तास हवेत. चहाचेही तेच. कोऱ्या चहासोबत घेतलेल्या गोळीतले बरेचसे लोह चहातल्या टॅनिनला बांधले जाते. उलट आंबट पदार्थ मदत करतात. लिंबू, आवळा, चिंच, हिरवी मिरची, कैरी. धडगावचा डोंगर आमचुरासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या चिरून वाळत घातलेल्या दिसतात आणि बहुतेक माल व्यापाऱ्याकडे जातो. वाळवल्यावर कैरीतले जीवनसत्त्व क बरेच जाते, पण तिची आम्ले राहतात आणि तीही ज्वारी-मक्याच्या भाकरीतले, उडदाच्या डाळीतले लोह सोडवायला उपयोगी पडतात. डाळीत आमचूर घालणारी आजी पोषणशास्त्र न शिकता बरोबर करत होती. आंबाडीची भाजीही आंबटच.

जीवनसत्त्व अ चा संबंध तर कमी लोकांना माहीत असतो. १९९३ मध्ये पश्चिम जावातल्या रक्तक्षयी गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसते लोह दिलेल्यांपैकी ६८ टक्के बऱ्या झाल्या, नुसते अ दिलेल्यांपैकी ३५, आणि दोन्ही दिलेल्यांपैकी ९७. शरीरात साठलेले लोह बाहेर काढून कामाला लावायला अ लागते. म्हणून पपई, शेवग्याचा पाला, हिरव्या रानभाज्या ताटात हव्यात. गरोदरपणात अ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी बाळात व्यंग येऊ शकते.

आणि खुद्द गोळी रोज घ्यावी का? या शतकाच्या सुरुवातीला हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लागला. यकृतातून निघणारे हे संप्रेरक म्हणजे आतड्याच्या दारावरचा रखवालदार. लोहाची मोठी मात्रा आत आली की तो जवळजवळ एक दिवस दार आवळून धरतो. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींना तेवढीच गोळी रोज आणि दिवसाआड देऊन पाहिली: रोजच्या गोळीतून १६ टक्के, दिवसाआडच्या गोळीतून २२ टक्के लोह शोषले गेले. गोळीने हैराण होणाऱ्या, पण गरोदर नसलेल्या बाईला डॉक्टर दिवसाआड घ्यायला सांगतात ते यावरून. गरोदरपणात मात्र वेळ मोजका असतो, म्हणून तिथे सूचना रोजच्याच गोळीची आहे, आणि हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर दोनची. महिनाभर नेमाने घेऊन ते एक ग्रॅमनेही वाढले नाही, तर पुढच्या दवाखान्यात पाठवायचे. सातच्या खाली असेल तर शिरेतून लोह, पाचच्या खाली असेल तर लगेच भरती.

'महिनाभर घेऊनही वाढले नाही' हीच जागा नंदुरबारमध्ये सगळ्यांत नाजूक आहे. सिस्टर म्हणते, बाई गोळ्या घेत नाही. बाई म्हणते, घेतल्या. दोघींनाही आपापल्या जागी खात्री असते, आणि कित्येकदा बाई खरे बोलत असते.

भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा जीन फार आढळतो. सर्वेक्षणांत दर पाचांमागे एक वाहक सापडल्याच्या नोंदी आहेत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींत या आजाराचा अनेक दशके पाठपुरावा केला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच फरक. एका पालकाकडून हा जीन आला तर माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट लहानपणी मलेरियाच्या मारापासून थोडे संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा जीन टिकून राहिला तो त्यामुळेच. दोन्हीकडून आला तर रुग्ण. प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात. अशी पेशी १२० नव्हे तर दहा-वीस दिवसच जगते. कारखाना कितीही वेगाने चालला तरी पुरा पडत नाही, आणि हिमोग्लोबिन सात-आठ-नऊवर स्थिरावते.

या बाईला लोहाची उणीव असेलच असे नाही. मोडलेल्या पेशींतले लोह तिच्या शरीरात परत येतच असते. तिला गरज असते ती फॉलिक ॲसिडची, कारण नव्या पेशी सतत घडवायला ते प्रचंड लागते. डॉक्टर तिला रोज ५ मिलिग्रॅम देतात, लाल गोळीतल्या मात्रेच्या दहापट. शिवाय हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे असतात, ती गरोदरपणात थांबवावी लागतात. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जाते, आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही हे वर आलेच आहे. ते यकृतात, हृदयात साचते. त्यावर आणखी लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे नुकसान.

पण म्हणून 'सिकलसेल आहे, लोह बंद' हा उलटा नियमही चुकीचाच, आणि तो ऐकू येतो. वाहक बाईला लोह कमी पडते तसेच ते इतर कोणालाही पडते. तिला गोळी द्यायलाच हवी. रुग्ण बाईलाही पाळी, बाळंतपणे, जंत असतातच, आणि तिच्यातही लोहाची खरी उणीव असू शकते. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन रक्तात तपासून ती ठरवायची. त्यात भर म्हणजे आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसिमियाही बराच आढळतो. त्यात पेशी लहान होतात, अगदी लोह कमी असल्यासारख्या, आणि अहवाल वाचणारा फसतो.

या गुंत्याची पहिली गाठ सोडवणारी चाचणी स्वस्त आहे. सोल्युबिलिटी चाचणीला थेंबभर रक्त आणि काही मिनिटे लागतात. त्यात सिकल हिमोग्लोबिन दिसले की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने वाहक की रुग्ण ते ठरते. हिमोग्लोबिन दर तपासणीला मोजावे लागते, सिकलसेलची चाचणी आयुष्यात एकदाच. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. नंदुरबारमध्ये माझ्या मते हा निकाल लाल गोळीच्या नोंदीशेजारीच, त्याच कार्डावर, लिहिलेला असावा. आज मोहीम वेगळी, रजिस्टर वेगळे, आणि गोळी देणाऱ्या हाताला निकाल माहीत नसतो असे घडू शकते.

मलेरियाचा इशाराही इथे लागू आहे. झांझिबारच्या पेंबा बेटावर तीव्र मलेरियाच्या प्रदेशात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू घटायच्या ऐवजी वाढले. २००६ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून लोह बंद करायला सांगितले नाही. मलेरियाच्या भागात ताप शोधणे, उपचार, मच्छरदाण्या हे सगळे चालू असेल तिथेच मुलांना लोह द्या, असे सांगितले. तापाने फणफणलेल्या पोराला त्या दिवशी औषधाचा डोस देऊ नये, ताप उतरल्यावर पुन्हा सुरू करावा, एवढे प्रत्येक आईला कळले तरी पुष्कळ.

बी-१२ लाल गोळीत नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुले वर्षानुवर्षे तपासली. बहुसंख्य आयांत बी-१२ कमी निघाले, आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फॉलेट भरपूर होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात मिळते. सातपुड्यातले लोक मासे, खेकडे, कोंबडी खातात, म्हणून त्यांना ते पुरते असे गृहीत धरले जाते. खातात हे खरे, पण किती वेळा आणि ताटात कोणाच्या वाट्याला किती, हा खरा प्रश्न.

रेशनचा तांदूळ हे अलीकडचे प्रकरण. आता रेशनवर, पोषण आहारात येणाऱ्या तांदळात शंभरामागे एक दाणा बनवलेला असतो, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला. तो पाण्यावर तरंगतो, रंगाला जरा वेगळा दिसतो, आणि 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून बायका वेचून फेकून देतात. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. सुरुवातीला अशा अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते खाऊ नये असा इशारा छापायचा नियम होता. रुग्ण भरपूर असलेल्या जिल्ह्यांत सगळ्यांना सारखाच तांदूळ वाटायचा आणि पोत्यावर बारीक अक्षरांत इशारा छापायचा, हे कोणाला पटणार? प्रश्न न्यायालयात गेला. पुढे तज्ज्ञांनी पाहिले की तांदळातून मिळणारे लोह एका पिशवी रक्ताच्या तुलनेत नगण्य आहे, आणि २०२४ मध्ये तो इशारा वगळला गेला. निर्णय शास्त्राला धरून आहे. पण पाड्यावर तो भिलीत, पावरीत समजावून सांगायचे काम कोणाचे, हे ठरलेले नाही, आणि दाणे वेचले जात आहेत तोवर तांदळातले लोह पोटात जाणार नाही.

घरात लाल गोळ्या ठेवताना एक धोका ध्यानात हवा. त्या गोड आहेत आणि रंगाने लिमलेटच्या गोळीसारख्या दिसतात. दहाची एक पट्टी म्हणजे ६०० मिलिग्रॅम लोह. दहा किलोच्या पोराने ती खाल्ली तर किलोमागे ६० मिलिग्रॅम झाले, आणि तेवढ्यात जीव जाऊ शकतो. सुरुवातीला उलट्या, जुलाब होतात, मग काही तास पोर सुधारल्यासारखे वाटते आणि अचानक ढासळते. म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नये, दवाखाना गाठावा, आणि पट्टी सोबत न्यावी. गोळ्या कोनाड्यात नकोत, उंच टांगलेल्या डब्यात हव्यात.

राहिला स्थलांतराचा प्रश्न, आणि तो वैद्यकीय नसला तरी गोळीचे यश त्यावर टांगलेले आहे. पावसाळ्यातली शेती आटोपली की दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जातात. गरोदर बायकाही जातात. अंगणवाडी मागे राहते, अमृत आहाराचे ताट मागे राहते, आशाताईही. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा चौरस जेवण देणारी ही योजना गोळी समोर गिळायला लावण्याची सर्वांत चांगली जागा आहे, पण फडावर तोडणी करणाऱ्या बाईच्या ती उपयोगाची नाही. तिच्याजवळ निघण्याआधीच पुढच्या सगळ्या महिन्यांच्या पट्ट्या, जंताची गोळी, सिकलसेलचा निकाल आणि हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेले कार्ड असायला हवे, म्हणजे सुरत-बारडोलीकडच्या दवाखान्यातला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. होळीला बहुतेक जण परततात. काठी गावची राजवाडी होळी, होळीआधीचे गावोगावचे भोंगऱ्या बाजार ते चुकवत नाहीत. त्या आठवड्यात उपकेंद्रे उघडी ठेवून, बाजारातच टेबल मांडून रक्त तपासले तर वर्षभर हाती न लागणाऱ्या बायका एका दिवसात भेटतील. फक्त टेबलापाशी कोणीतरी पावरी बोलणारे हवे, आणि 'गोळ्या घेतल्या का?' या प्रश्नाआधी 'घेतल्यावर काय झालं?' हा प्रश्न विचारला जायला हवा.